हॉलमध्ये नाव नको

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. भाईंदरमध्ये जिकडे बघावं तिकडे बिल्डिंगा उठत होत्या आणि आमच्या चर्चमध्ये माणसं मावेनाशी झाली होती. जुने म्हणजे आम्ही, मिठागरांत आणि भातशेतीत राबलेल्यांची घरं. नवे म्हणजे मुंबईतल्या खोल्या विकून गोडदेवकडे, मीरा रोडला फ्लॅट घेतलेले गोव्याचे, मंगळूरचे लोक. रविवारी मिस्सा संपली की ते एका बाजूला इंग्रजीत बोलत उभे राहायचे, आम्ही दुसऱ्या बाजूला. सगळ्यांनी मिळून बसावं अशी जागाच नव्हती. म्हणून फादरांनी चर्चच्या मागे पॅरिशचा, म्हणजे चर्चच्या सगळ्या घरांचा, हॉल बांधायला काढला.

माझा दादा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात कामाला होता. सुट्टीच्या दिवशी तो हॉलच्या कामावरच असायचा. त्याचं लग्न उत्तनच्या मुलीशी ठरलं होतं. "हॉलातलं पहिलं लग्न माझं," असं तो भेटेल त्याला सांगायचा. आई म्हणायची, "आधी छप्पर तर पडू दे."

त्या वर्षी पाऊस लांबला. स्लॅबखाली टेकू म्हणून उभ्या केलेल्या लाकडी बल्ल्या ओल्या मातीत रुतत होत्या. कंत्राटदार आमच्याच पॅरिशमधला होता. मिस्सेनंतर त्याने फादरांना सगळ्यांदेखत सांगितलं, "फादर, थोडं थांबूया. जमीन सुकू दे." पण चर्चचा सण जवळ आला होता आणि सणाला बिशप येणार होते. त्यांना छप्पर दिसावं असं फादरांना वाटत होतं. कंत्राटदाराने पुन्हा काही म्हटलं नाही. ऐकणाऱ्या आमच्यापैकीही कुणी काही म्हटलं नाही.

स्लॅब भरायला सारा पॅरिश लोटला. फ्लॅटमधल्या बायका साडीचा पदर खोचून आमच्या रांगेत उभ्या राहिल्या, घमेली हातोहात वर जाऊ लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही एकमेकींशी हसून बोलत होतो. जेवणं झाली, पुन्हा काम सुरू झालं आणि खालून लाकूड कडकडल्याचा आवाज आला. दादा वर होता. "एक बल्ली सरकलीय, मी बघतो," म्हणून तो उतरला आणि पाचर ठोकायला आत गेला. मी त्याला जाताना बघितलं. मग सगळा स्लॅब एका बाजूला झुकला आणि खाली आला.

वरची माणसं ओल्या काँक्रीटसकट घसरली, त्यांना खरचटलं, एकाचा पाय मोडला. आत फक्त दादा होता. आम्ही फावड्यांनी, घमेल्यांनी, शेवटी हातांनी उपसत होतो. फादरही उपसत होते, त्यांचा पांढरा झगा गुडघ्यापर्यंत राखाडी झाला होता. दादाला बाहेर काढलं तेव्हा अंधारून आलं होतं. घरी आईने त्याचा चेहरा स्वतः धुतला. केसांतलं सिमेंट काही केल्या निघेना, तेव्हा तिने कात्री मागितली.

पोलीस आले. साहेबांनी बाबांना विचारलं, "कुणाविरुद्ध तक्रार आहे का?" बाबांच्या बाजूला फादर बसले होते. आदल्या संध्याकाळी त्यांनीच बाबांचा हात धरून म्हटलं होतं, "चर्च कोर्टात उभं राहील असं काही करू नका." बाबा म्हणाले, "कुनाविरुद्ध न्हाय. अपघात हाय."

त्या दिवसानंतर बाबा चर्चची पायरी चढले नाहीत. फादर वर्षभर घरी येत राहिले. यायचे, खुर्चीत बसायचे, चहा निवायचा. बाबा मागच्या दाराने निघून जायचे. एकदा फादर आईसमोर रडले. आईने त्यांना पाणी दिलं, पण "असू दे" असं काही ती म्हणाली नाही. पुढे त्यांची बदली झाली. उत्तनची मुलगी काही महिने दर रविवारी येऊन आईशेजारी बसायची. मग आईनेच तिला सांगितलं, "आता नको येऊ, बाय. तुझ्या आईबापाला घोर लागलाय." तिचं दुसरीकडे लग्न झालं.

हॉल तसाच पडून राहिला. वाकलेल्या सळ्यांवर गंज चढला, आत बकऱ्या बसायच्या. पोरांना तिकडे जायची बंदी होती. नव्वद उलटून काही वर्षं गेल्यावर नवे फादर आले. त्यांनी जुनं सगळं पाडलं आणि पायापासून नवीन बांधकाम केलं. काम संपत आलं तेव्हा ते आमच्याकडे आले. दारातल्या भिंतीवर दादाच्या नावाची संगमरवरी पाटी लावायची, असं त्यांच्या मनात होतं.

बाबा त्या दिवशी उठून गेले नाहीत. म्हणाले, "लावा. त्याचं नाव लागलंच पायजे. तिथं कुनीतरी मेलं होतं हे तरी लोकांना कलंल."

आई चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "नको, फादर. तिथं लग्नं होनार. नाव वाचून नवरी वर छपराकडं बघत चालंल. माज्या पोराच्या नावानं कुनी भिऊ नये."

"तू त्याला पुसून टाकतेस," बाबा म्हणाले.

"पोलिसांसमोर तुमी काय केलंत?" आईने विचारलं.

इतक्या वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलली. फादर उठले आणि दोघांनाही हात जोडून निघून गेले. पाटी लागली नाही.

उद्घाटनाला बॅण्ड होता, बिशपांनी पवित्र पाणी शिंपडलं, भाषणं इंग्रजीत आणि मराठीत झाली. जुन्या कामाचा उल्लेख कुणी केला नाही. आई ठेवणीतलं लुगडं नेसून गेली होती. मी तिचा दंड धरून होते, कारण आत पाऊल टाकताना माझीच नजर वर छपराकडे गेली. ती मात्र शेवटपर्यंत थांबली, वाटलेला केक तिने खाल्ला आणि स्लॅबच्या दिवशी आमच्या रांगेत असलेल्या फ्लॅटमधल्या एका बाईकडे तिच्या नातवाची चौकशी केली. घरी येऊन ती भिंतीकडे तोंड करून झोपली. दोन दिवस चूल मीच पेटवली.

माझं लग्न त्यानंतर वर्षाने झालं. हॉल फुकट देतो, असं फादर म्हणत होते. बाबांनी अंगणात मांडव घातला. जागा पुरली नाही, अर्धे पाहुणे रस्त्यावर उभे राहून जेवले. बाबा प्रत्येकाला पुन्हा पुन्हा वाढत होते. हॉल का नको, हे मी त्यांना त्या दिवशी विचारलं नाही, नंतरही नाही. बाबा वारेपर्यंत दोघं एकाच घरात राहिले, एकाच ताटलीतलं लोणचं वाढून घेत, आणि दादाबद्दल एकमेकांशी कधी बोलले नाहीत.