विन्सेंट कंपाउंडरचं टिंचर

बोरिवलीच्या गावठाणात विन्सेंट हा निकामी पोरगा म्हणून सर्वमान्य होता. भातशेतीत त्याची कंबर दुखायची, होडीत बसवला तर ओकायचा, आणि मॅट्रिकला गणिताने त्याला असा आपटला की पुन्हा त्या वाटेला तो गेला नाही. मग एकदा आईला घेऊन दवाखान्यात गेला असताना त्याने पांढऱ्या कोटातला कंपाउंडर पाहिला. बाटल्यांवर मात्रांच्या पट्ट्या चिकटवत होता आणि रांगेतल्या बायाबापड्यांवर खेकसत होता. झालं. आपला जन्म याच कामासाठी आहे हे विन्सेंटला तिथल्या तिथे कळलं. त्यातही खेकसण्यासाठी जास्त.

दादरला कंपाउंडरचे वर्ग चालायचे. विन्सेंट नाव घालून आला आणि घरात ग्रेन, ड्राम, औंस अशी औषधांची मापं मोठमोठ्याने घोकू लागला. शेजारणींना वाटलं, पोरगा नवी प्रार्थना शिकतोय. पहिल्या परीक्षेत त्याने काचेचं मापच फोडलं आणि घरी येऊन सांगितलं की तिथला तराजू खोटा होता. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणत गाव पोट धरून हसलं. सगळ्यात जास्त हसला तो रोझारिओ. कारण विन्सेंटचा जीव त्याच्या मुलीवर, उर्सुलावर होता आणि हे अख्ख्या गावाला माहीत होतं. "पोरीला विहिरीत ढकलीन, पण त्या फुटक्या मापाला देणार नाही," असं रोझारिओ चावडीवर सांगायचा. खरं तर ढकलायला त्याच्याकडे विहीरही उरली नव्हती. आवारातली वडिलोपार्जित विहीर धाकट्या भावाच्या, व्हिक्टरच्या वाट्याला गेली होती. त्या भांडणात मध्ये बांबूचं कुंपण पडलं आणि दोघं भाऊ एकमेकांना पाण्यात पाहू लागले.

एवढ्यात सरकारने दारूबंदी आणली आणि गावाची वाट लागली. ज्या गावात पाहुण्याला पाण्याआधी पेला मिळायचा तिथे आता लिंबाचं सरबत मिळू लागलं. मनोरीहून होडीतून चोरून माल यायचा, पण पहिल्याच लग्नसराईत पोलीस एका मांडवात शिरले आणि नवरदेवालाच चौकीवर घेऊन गेले. नवरीने आठवडाभर घर डोक्यावर घेतलं. तेव्हापासून बायकांनी तो रस्ताही बंद केला.

अशा कोरड्या दिवसांत कोणीतरी बातमी आणली की टिंचर नावाचं औषध चक्क दारूत मुरवतात. ते दवाखान्यातल्या कपाटात असतं. आणि कपाटाची किल्ली कंपाउंडरकडे असते.

त्या दिवसापासून गावाला विद्येचं जे प्रेम सुटलं ते विचारू नका. विन्सेंट अभ्यासाला बसला की लोक कोंबडे हाकलू लागले. बायका त्याला अंडी पाठवू लागल्या. रोझारिओने तर देवळात, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, त्याच्या नावाने मेणबत्ती लावली आणि त्याला घरी बोलावून बोंबलाचं कालवण खायला घातलं. "घोकतोस ना रे नीट?" असं विचारताना त्याच्या आवाजात जी माया होती ती उर्सुलाने आयुष्यात ऐकली नव्हती. विन्सेंट मूर्खासारखा फुगला. त्याला वाटलं, लोकांना अखेर आपली किंमत कळली.

पुढच्या खेपेला तो पास झाला. घोडं गंगेत न्हालं. घोडं ख्रिस्ती होतं, ते सोडा. स्टेशनाजवळच्या डॉक्टर कारखानिसांनी त्याला नोकरी दिली, पांढरा कोट दिला, किल्लीही दिली. वर एक वाक्य सांगितलं, "टिंचरच्या बाटल्यांवर मी रोज संध्याकाळी खूण करतो. थेंब कमी दिसला तर नोकरीही जाईल आणि सर्टिफिकेटही." विन्सेंटने कोट घालून आरशात पाहिलं. किल्ली हातात होती आणि तिचा उपयोग शून्य.

गावाला हे कोण सांगणार? रोझारिओने आपणहून उर्सुलाच्या लग्नाची तारीख धरली आणि विन्सेंटला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "हे बघ, लगीन सुकं होणार असेल तर होणारच नाही. तुझ्यासाठी मेणबत्ती जाळलीय मी."

विन्सेंटची झोप उडाली. टिंचर आणावं तर नोकरी गेली, न आणावं तर उर्सुला गेली. शेवटी देवळामागे तो तिला भेटला आणि रडकुंडीला येऊन सगळं सांगून टाकलं.

उर्सुला म्हणाली, "टिंचर लागतं कसं जिभेला?"

"जाळतं. कडू असतं. वास येतो औषधाचा."

"मग त्यात काय? ओवा आहे, सुंठ आहे, मिरची आहे. रंगाला साखर करपवू. गावात टिंचर चाखलंय कोणी?"

विन्सेंट ग्रेन आणि ड्रामचा हिशोब करायला बसला. उर्सुलाने त्याला बाजूला सारलं आणि मुठीने ओवा पातेल्यात टाकला. रंग येईपर्यंत ढवळलं, गाळलं आणि दवाखान्यातल्या रिकाम्या बाटल्यांत भरलं. विन्सेंटने काय केलं? बाटल्यांवर मात्रांच्या पट्ट्या चिकटवल्या. तेवढं शिक्षण मात्र कामी आलं.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी असतं. बँड लावून, गाणी म्हणत बायका विहिरीवर जातात आणि नवरा-नवरीच्या अंघोळीचं पाणी आणतात. दारची विहीर आता व्हिक्टरची, म्हणून रोझारिओच्या घरचं पाणी देवळाच्या विहिरीवरून यायचं ठरलं होतं. निघण्याआधी मांडवात पट्ट्यांच्या बाटल्या फिरल्या. व्हिक्टर गावजेवणाला म्हणून आला होता आणि दूर टोकाला बसला होता. त्यालाही पेला गेला. विन्सेंटने गंभीर तोंड करून बजावलं, "जपून घ्या. कडक आहे."

बस, एवढंच पुरलं. ओव्याचं पाणी पिऊन गाव जे झिंगलं त्याला तोड नाही. एकाची जीभ जड झाली. एकाला खांब दोन दिसू लागले आणि तो दोन्ही खांबांना सोडून मधल्या माणसावर आपटला. देवळाचा म्हातारा सेवेकरी मिरचीने डोळ्यांत पाणी आलं तरी म्हणत होता, असा माल पोर्तुगीज गेल्यापासून आला नाही. विन्सेंटला हसू आवरेना म्हणून तो नवरदेव असून पडवीत जाऊन बसला.

तेवढ्यात रोझारिओ लटपटत उठला, बँडवाल्यांना म्हणाला, "देवळाकडे नाही. इकडे," आणि थेट कुंपणाकडे निघाला. बांबू उपटून फेकला. मागोमाग धावत आलेल्या व्हिक्टरच्या गळ्यात पडला आणि हमसून हमसून रडू लागला. व्हिक्टरही रडला. बायकांनी उर्सुलाच्या अंघोळीचं पाणी बापजाद्यांच्या विहिरीतून भरलं. हे पाहून गावात जे प्यायले नव्हते त्यांनाही भरून आलं.

लग्न झालं. दोघं भाऊ विहिरीच्या काठावर बसून बोलू लागले. आता विन्सेंटने गप्प बसायचं की नाही? पण जो तो टिंचरची तारीफ करी, विन्सेंटची कोणी करेना. पुढच्या रविवारी सासऱ्याच्या ओटीवर बसून त्याने तोंड उघडलंच.

"मामा, ते टिंचर नव्हतं. ओव्याचं पाणी होतं. मी बनवलेलं."

रोझारिओ सरसावून बसला. "मग मी शुद्धीवर होतो?"

"अगदी."

"शुद्धीवर मी त्या व्हिक्टरच्या गळ्यात पडलो? आधी मी?"

तो उठला, भिंतीला टेकवलेला कुंपणाचा बांबू उचलला आणि विहिरीकडे चालू लागला. उर्सुला दारात आली. विन्सेंटकडे तिने अशी नजर टाकली की कोट असता तर त्याने उतरवून ठेवला असता. आपण काय करून बसलो हे कळून तो सासऱ्यामागे धावला.

व्हिक्टर पाणी शेंदत होता. रोझारिओ बांबू आपटून म्हणाला, "तुला त्या दिवशी काय पाजलं ठाऊक आहे?"

"ओव्याचं पाणी," व्हिक्टर म्हणाला. "माझी बायको पोट दुखलं की देते. पहिल्या घोटालाच ओळखलं."

"मग तू रडलास कशाला?"

व्हिक्टरने कळशी काठावर ठेवली. "तुला वाटत होतं ना, चढलीय. इतक्या वर्षांनी आलास, तुला एकट्याला कसा रडू देऊ?"

बांबू रोझारिओच्या हातात नुसताच राहिला. मग त्याने तो गवतात टाकला, काठावर भावाशेजारी बसला आणि जावयावर खेकसला, "उभा काय राहिलास? दोन पेले घेऊन ये. ओवा कमी टाक."