चार ढेपांचा शिदबा

घोडा आणि टांगेवाला एका जागी उभे राहिले की दोन गोष्टी साठतात, लीद आणि किस्से. लीद निदान झाडून टाकता येते. किस्सा झाडायला गेलं की त्याच्याखाली अजून एक निघतो! कोल्हापूरच्या स्टेशनाबाहेर आमचा अड्डा होता. महाराजांचं राज्य होतं, गाडी मिरजेहून यायची आणि टाइमात कधी यायची नाही. मग तोंड चालवण्याशिवाय दुसरं काम काय?

मी स्वतः कुणाची टिंगल करणारा माणूस नव्हे. अड्ड्यावर कुणालाही विचारा. पण शिदबाचा विषय निघाला की माझ्याच्यानं गप्प बसवत नाही.

शिदबा आमच्यातला सगळ्यात मोठा टांगेवाला. मोठा म्हणजे वयानं नव्हे, आडवा! आणि त्याची घोडी सगळ्यात बारकी, नाव चिमणी. ती शिंगरू असतानाच तिची आई गेली. शिदबानं वाटीवाटीनं दूध पाजून तिला वाढवली. घरात पोर नव्हतं, चिमणीच त्याची लेक.

त्या वेळी गावात जाडजूड माणूस दिसला की लोक पैलवानच समजायचे. एकदा मिरजेचे एक पावणे गाडीतून उतरले आणि शिदबाला बघून त्यांनी हातच जोडले.

"वस्ताद, कुठल्या तालमीचं म्हणायचं?"

शिदबा म्हणाला, "आमच्या कारभारणीच्या!"

* * *

टांग्यात पुढचं आणि मागचं वजन जुळावं लागतं. पुढं जास्त झालं की सगळा भार घोड्याच्या पाठीवर. मागं जास्त झालं की टांगा उलाळ होतो, म्हणजे दांड्या वर आणि पॅसेंजर खाली. शिदबा पुढं बसला की मागं दोन तगडी माणसं बघून बसवावी लागायची.

असेच एकदा मामा-भाचे बसवलेले. लग्नाला निघालेले, डोक्याला रेशमी फेटे. वाटेत शिदबाला पानाची तलफ आली. दुकानापाशी टांगा थांबवला आणि हा बाबा न सांगता खाली उतरला. झालं! दांड्या आभाळाकडं, चिमणीचे पुढचे पाय जमिनीला टेकतायत न टेकतायत, आणि मामा-भाचे रस्त्यात.

मामा फेटा शोधत ओरडला, "आरं, उतरायच्या आदी सांगायचं तरी!"

शिदबा खरंच बुचकळ्यात पडला. म्हणाला, "आता उतरलो मी, आन पडला तुमी कसं काय?"

* * *

हसणं पुरे. एके दिवशी शिदबानं साज काढला तर चिमणीची पाठ लागलेली. कातडं सोलून आतलं लाल दिसत होतं आणि वर माश्या. हसनचाचा आमचा नालबंद. नालं मारायचा तसं जनावराचं औषधपाणीही तोच बघायचा. त्यानं जखम धुतली, मलम लावला, साजाखालच्या जाड नमद्याला मधोमध भोक पाडून दिलं म्हणजे साज जखमेला घासायचा नाही. मग शिदबाला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"मलम खाली आन तू वर. आसं किती दिस चालंल?"

"मग काय करू चाचा?"

"एक तर तू कमी हो, न्हायतर घोडी हलक्या मानसाला दे. पाठ पुरती गेली तर घोडी पन गेली म्हनून समज."

हलका माणूस तयारच होता. मुरगूडचा एक व्यापारी, नुसती काडी, त्याचा चिमणीवर कधीचा डोळा. एकट्यानं बाजार फिरायला त्याला बारकी घोडी हवी होती.

शिदबा माझ्या टांग्याच्या चाकाला टेकून रडला. एवढा थोरला गडी हुंदके द्यायला लागला की बघवत नाही हो! मी त्याला चार शिव्या घातल्या. दुसरं काय करणार?

* * *

आता कमी व्हायचं म्हणजे आधी आहे किती ते कळायला पाहिजे की! आम्ही शिदबाला गुळाच्या पेठेत नेला. अडत्याचा थोरला काटा, एका पारड्यात शिदबा, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. एक ठेवली. दोन ठेवल्या. तीन ठेवल्या. शिदबा आपला जमिनीवरच! चौथी ठेवली तेव्हा कुठं पारडं हललं.

बाजूला गुळाचा सौदा चालला होता. अडत्या घाईघाईनं म्हणाला, "उतरवा ह्याला आदी. कुनीतरी बोली लावंल!"

* * *

आणि नेमके त्याच आठवड्यात शिरोळचे वैद्यबुवा गाडीतून उतरले. गावात बरेच पैसेवाले लोक त्यांचं औषध घ्यायचे. औषध एकच, रस! अन्न बंद. सकाळी कोहळ्याचा रस, दुपारी कारल्याचा, संध्याकाळी दुधीचा.

"आतला सगळा मळ धुऊन निघतो," बुवा म्हणाले. "पंधरवड्यात मनुष्य निम्मा होतो, निम्मा!"

बुवा स्वतः तीन ढेपांना भारी होते. मी हळूच विचारलं, "बुवा, तुमी बी घेता न्हवं रस?"

"मी? मी कशाला घेऊ? मला काय झालंय?"

शिदबानं मात्र अंबाबाईची शपथ घेतली आणि रस सुरू केला. त्याची कारभारीण, आमची तानूवैनी, पाट्यावर कारली वाटून वाटून दमली. शेजारणी दारात येऊन विचारायच्या, "कुनाला ताप आलाय गं?" गायीसारखा गरीब शिदबा पॅसेंजरांवर वसवसायला लागला. मी भाकरीचं फडकं सोडलं की समोर येऊन बसायचा. म्हणायचा, "तू खा लेका, मी नुसता वास घेतो." माझ्या घशाखाली घास उतरेना. शेवटी मी माझ्या घोड्याच्या आड लपून जेवायला लागलो. स्वतःच्या कष्टाची भाकरी, आणि चोरून खायची!

पंधरवडा संपत आला तशी एक म्हातारी आणि तिची सून देवीच्या दर्शनाला म्हणून शिदबाच्या टांग्यात बसल्या. थोडं पुढं गेल्यावर शिदबानं मान खाली टाकली. म्हातारीला वाटलं जप करतोय, भला माणूस दिसतोय. तिनंही मागं हात जोडले. इकडं शिदबाची शुद्ध हरपलेली! लगाम सुटला, पण चिमणी काय थांबते? मलम लावायला रोज जिथं जायची तिथं ती गेली. टांगा थेट हसनचाचाच्या दारात.

म्हातारी भडकली. "आरं मुडद्या, आंबाबाईला न्हे म्हटलं हुतं! नालं माराय न्हवं!"

चाचानं शिदबाच्या तोंडावर पाणी मारलं, गुळाचा खडा चारला. मग एकदा घोडीकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं, आणि म्हणाला, "दोघांत शानी हीच."

* * *

पण खोटं कशाला बोलू? पेठेत नेऊन बघितलं तर चौथ्या ढेपेचा चांगला मोठा कोपरा काढावा लागला. शिदबा खरंच उतरला होता! आम्ही त्याला हार घातला. जखमही सुकायला लागली होती. शिदबा चिमणीच्या गळ्यात पडून म्हणाला, "आता कुटं जात न्हाईस तू."

त्याच आठवड्यात मेहुण्याच्या गावची जत्रा निघाली. शिदबा पंगतीला बसला आणि उठायलाच तयार नाही. मेहुणा हात जोडायला लागला तर म्हणतो कसा, "पंधरा दिस रसावर काडल्यात भावजी. आता रस्सा तरी पोटभर पिऊ द्या!"

परत आला तेव्हा चार ढेपा आणि वर एक खडा. चिमणीची जखम पुन्हा फुटली.

मी वैद्यबुवांना रस्त्यात गाठून जाब विचारला. बुवा शांत. म्हणाले, "मग त्यात काय? पुन्हा सुरू कर म्हणावं!"

* * *

मुरगूडचा व्यापारी आला. त्यानं चिमणीचे दात बघितले, खूर उचलून बघितले. चिमणी शिदबाच्या काखेत तोंड घालून उभी.

शिदबा कसाबसा म्हणाला, "दिवाळीपातूर थांबा मालक. तवर पाठ बरी न्हाय झाली तर घिऊन जावा."

"दिवाळीला दावं घिऊनच येतो," व्यापारी म्हणाला आणि गेला.

त्या दिवशी शिदबाला टांग्यात बसायचं धाडसच झालं नाही. लाज वाटली त्याला. लगाम धरून घरापर्यंत चालत गेला. हसनचाचानं दारातून बघितलं आणि एवढंच म्हणाला, "उद्या बी आसाच जा."

मग रोजचंच झालं. टांगा मोकळा असला की शिदबा पायी. पंचगंगेकडून वर यायचा चढ लागला की पॅसेंजरला पुढं सरकवायचा आणि आपण खाली उतरायचा. आम्ही काय सोडतो होय! मी ओरडायचो, "शिदबा, तिला बशीव टांग्यात आन तूच वड की!"

उपास मात्र बंद. दोन वेळा जेवायचा, कालवण-भात सगळं खायचा. फक्त भाकरी हातात आली की निम्मी मोडून चिमणीला द्यायची, मग आपण घास घ्यायचा. एकदा तो विसरला. विसरला कसला, मुद्दाम! चिमणीनं फडकं दातांत धरून असं ओढलं की चटणीसकट सगळी शिदोरी मातीत. त्यानंतर त्याचा विसरभोळेपणा गेला.

चढाचंही तेच. चढाच्या तोंडाशी आली की चिमणी आपसूक थांबायची. शिदबा उतरला की चालू. एकदा पाऊस होता म्हणून हा उतरला नाही, तर ही हलेना. मागं आमचे सगळे टांगे तटलेले, सगळे भिजून चिंब.

मी बोंब मारली, "उतर की मर्दा! रानीसायब खोळंबल्यात!"

* * *

दिवाळी आली आणि व्यापारीही आला, दावं खांद्यावर टाकून. अख्खा अड्डा गुळाच्या पेठेत लोटला. शिदबा पारड्यात बसला. तोंड पांढरं पडलेलं. अडत्यानं एक ढेप ठेवली, दुसरी ठेवली. शिदबा जमिनीवर. तिसरी ठेवली आणि शिदबा वर गेला! अहो, वर! त्याचे पाय हवेत हलताना मी माझ्या डोळ्यांनी बघितले. आम्ही एवढा दंगा केला की सौदा थांबला.

हसनचाचानं चिमणीच्या पाठीवरचा नमदा उचलला. जखम भरून त्या जागी पांढरे केस आले होते. व्यापाऱ्यानं त्यावर बोट फिरवलं, दावं गुंडाळलं आणि उसासा टाकला.

"घोडी ऱ्हाऊ द्या," तो अडत्याला म्हणाला. "गूळ कसा दिला?"

* * *

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी शिरोळचे वैद्यबुवा सकाळच्या गाडीनं उतरले. रांगेत शिदबाचा नंबर होता. बुवांना पंचगंगेवर स्नान करून मग गावात एका सावकाराकडं जायचं होतं. सावकाराला रस सुरू करायचा होता. मीही एक पॅसेंजर घेऊन घाटावर गेलो होतो, म्हणून हे सगळं माझ्यासमोर घडलं.

बुवांनी शिदबाला ओळखलंच नाही. घाटावरून निघताना म्हणाले, "काय रे, मागं तुमच्यात एक जाडा टांगेवाला होता. त्याचं काय झालं?"

शिदबा म्हणाला, "त्यो गेला."

"अरेरे! रस सोडला असेल."

तेवढ्यात चढ आला. चिमणी थांबली. शिदबा उतरला, बुवांना पुढं सरकवलं. बुवा सरकले. चिमणी हलेना. मान वळवून तिनं बुवांकडं बघितलं.

"अरे, हाण की तिला!"

"मी न्हाय हानत तिला."

"मग करायचं काय?"

"उतरायचं."

"मी उतरायचं? मी भाडं दिलंय तुला!"

"मला दिलंय की. तिला कुटं दिलंय?"

बुवा कुरकुरत उतरले आणि चिमणी चालायला लागली. टांगा मोकळा. एका बाजूला शिदबा, दुसऱ्या बाजूला धोतराचा सोगा सावरत बुवा. निम्मा चढ गेला आणि बुवांनी रस्त्याकडेच्या दगडावर बैठक मारली. घामानं निथळत होते.

"पाणी..." म्हणाले.

मी मागून विचारलं, "रस आनू का बुवा?"

बुवांनी माझ्याकडं असं बघितलं की मी घोड्याची आयाळ विंचरायला लागलो. मग त्यांची नजर शिदबावर गेली. बराच वेळ ते त्याच्या तोंडाकडं बघत राहिले.

"अरे... तो तूच का?"

"व्हय."

"कुठला रस घेतलास?"

शिदबा हसला. चिमणी एव्हाना त्याचा खांदा ढोसत होती. त्यानं फडकं सोडलं, भाकरी मोडली, निम्मी तिला दिली आणि निम्मी आपण खायला लागला. बुवा उठले आणि उरलेला चढ चालले.

पुढच्या आठवड्यात बुवा पुन्हा गाडीतून उतरले. आम्ही सगळे ओरडलो, "या बुवा, इकडं या!" मी तर सांगितलं, "बुवा, माजा घोडा चढाला उतरवत न्हाय!"

बुवा कुणाकडंही न बघता सरळ शिदबाच्या टांग्यापाशी गेले. चढून बसले नाहीत. चिमणीच्या पुढं जाऊन उभे राहिले, पिशवीतून एक फडकं काढलं, त्यातली भाकरी मोडली आणि निम्मी तिच्या तोंडापुढं धरली.