‘वीज गेली’ एवढंच सांगा

मीनाताई प्रोग्राम कागदावर छापून वाचायच्या, हातात लाल पेन्सिल घेऊन. ‘हे यंत्र पंखा असेल तर’ अशी ओळ दिसली की तिच्याभोवती गोल. माझ्या पहिल्याच कामात त्यांनी अकरा गोल काढले. एकही अट चुकीची नव्हती, आणि तसं मी त्यांना सांगितलंही.

“बरोबर हायेत की,” त्या म्हणाल्या. “पण दरवेळी ‘तू कोण’ म्हणून कशाला इचारता, राव? काम सांगा. कसं करायचं ते त्याचं त्याला ठावं.”

मी हसलो. गोल तसेच राहिले.

घोडेगावात त्यांचं दोन खोल्यांचं दुकान होतं. कोंबड्यांच्या शेडमधली यंत्रं चालवणारे कंट्रोलर आम्ही तिथे बनवायचो. आधी पंखे आणि पाण्याचे फवारे होते. मग बाजूचे पडदे खाली सोडून शेड उघडणारी, बॅटरीवरची मोटर आली. मी प्रोग्राममध्ये ‘पडदा असेल तर’ ही अट वाढवली. अकरापैकी दहा ठिकाणी.

एप्रिलमध्ये भर दुपारी ज्ञानोबाभाऊंचा फोन आला. दोन हजार पक्ष्यांचं शेड त्यांचं.

“लाईट गेली, पंखं थांबलं, आन पडदं उघडंनात! पक्षी धापा टाकत्यात!”

“दोऱ्या कापा, भाऊ!” मीनाताई ओरडल्या. “इळा घ्या आन पडद्याच्या दोऱ्या कापा!”

आम्ही पोचलो तेव्हा पडदे खाली लोळत होते. मेलेले पक्षी मी मोजले. त्रेसष्ट.

प्रोग्राममधल्या ‘वीज गेली’ या भागात पडद्याची अट राहून गेली होती. मी लॅपटॉप उघडला. “एकच ओळ आहे, ताई. दोन मिनिटांत टाकतो.”

“आन उद्या चवथं यंत्र आलं की? आधी भाऊंना सांगा कुणाचं चुकलं.”

मी सांगितलं. ज्ञानोबाभाऊ म्हणाले, “लई काटेकोर माणूस म्हणत व्हते तुमाला.”

तीन दिवस बसून आम्ही अकराही अटी काढल्या. वीज गेल्यावर काय करायचं, ते प्रत्येक यंत्राच्या स्वतःच्या भागात लिहिलं. मुख्य प्रोग्राम आता सगळ्यांना फक्त ‘वीज गेली’ म्हणतो. एखाद्या यंत्रात उत्तर लिहायचं राहिलं, तर प्रोग्राम तयारच होत नाही. “ज्याच्याकडं उत्तर न्हाई, त्याला आत घ्यायचंच न्हाई,” मीनाताई म्हणाल्या.

चौथ्या दिवशी त्यांनी भाऊंच्या शेडला छपरावर पाणी शिंपडणारा नवा पंप जोडला, तोही बॅटरीवरचा. त्याच्यासाठी मुख्य प्रोग्राममधलं एक अक्षरही बदललं नव्हतं. बाहेर ऊन, आत पक्षी.

“लाईट तुमीच बंद करा, भाऊ.”

ज्ञानोबाभाऊंचा हात मेन स्विचवर थांबला. “परत पाखरं मेली तर?”

“तर दुकानाची किल्ली तुमच्या हातात.”

त्यांनी स्विच ओढला. पंखे मंदावले, थांबले. मी घड्याळ बघत होतो. एक. दोन. तीन. चौथ्या सेकंदाला पडदे खाली आले आणि छपरावर पाणी वाजायला लागलं. मीनाताई मटकन पोत्यावर बसल्या. त्याही घाबरल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.

त्या गेल्या, त्याला दोन वर्षं झाली. दुकान मी चालवतो. नवं यंत्र बसवलं की ज्ञानोबाभाऊ अजून स्वतः मेन स्विच ओढतात. मी शेजारी उभा असतो. ते माझ्याकडे बघत नाहीत, पडद्यांकडे बघतात.