सगळी चित्रं विकली गेली तो दिवस

मल्लेश्वरमच्या अक्कांनी मला उभं केलं, हे आधीच लिहिते. पुढचं वाचून कुणी त्यांना बोल लावू नये.

आठवीत शाळा सुटली. निपाणीकडून इथं मल्लेश्वरमला आले ती फ्रेमच्या दुकानात कामाला. अक्का चित्रकार, तिथं यायच्या. एकदा म्हणाल्या, "तुला चित्रासमोर थांबता येतं गं. विकून बघ की." त्यांच्या घराची पुढची खोली माझी गॅलरी झाली आणि त्या नि त्यांचे मित्र माझे कलाकार. एक जण फाटक्या टायरांची माणसं करायचा, एक बाई कापडावर गंज उमटवायची. लोक डोकावून परत जायचे. टायरवाला म्हणायचा, "गॅलरीवाल्या बाई, तुमच्याकडं कॉफीच जास्त खपते!"

यंदा अक्कांच्या मुलांनी घर बिल्डरला दिलं. हे शेवटचं प्रदर्शन. थोडी चित्रं गेली असती तर दुसरीकडं खोली बघता आली असती. रोज संध्याकाळी सगळी चित्रं तशीच ठेवून मी कुलूप लावायची.

अखेरच्या दुपारी जेवून आले, तर प्रत्येक चित्राखाली लाल ठिपका. विकलेल्या चित्राला आम्ही तो लावतो. अक्का आत कलाकार मंडळींसाठी कॉफी करत होत्या. त्यांना विचारणार, तोच एक गृहस्थ आले. इंदिरानगरात त्यांचं नवं ऑफिस, भिंती रिकाम्या. गंजाच्या कापडासमोर बराच वेळ उभे राहिले.

"एकही उरलं नाही?"

"नाही सर, सगळी गेली." केवढा तोरा होता माझ्या आवाजात!

"सरी, ठीक आहे," म्हणून ते गेले.

अक्का कॉफी घेऊन आल्या. "कुणी घेतली हो एवढी?" मी विचारलं.

"कुणी नाही गं. आम्ही सगळ्यांनीच लावले ठिपके. तुझा पडलेला चेहरा बघवेना. कोण आलं होतं?"

सांगितल्यावर त्यांची कॉफी बशीत सांडली. मी रस्त्यापर्यंत धावले. नुसत्या रिक्षा. नावसुद्धा विचारलं नव्हतं.

"जन्मात पहिल्यांदा सगळं खपलं आपलं," टायरवाला म्हणाला.

आता मी परत फ्रेमच्या दुकानात आहे. अक्का मुलाकडं आनेकलला. त्यांची चित्रं चादरीत गुंडाळून तिथंच त्यांच्या पलंगाखाली. रविवारी बसनं त्यांच्याकडं जाते. "माझ्यामुळं झालं," त्या दरवेळी म्हणतात. मला भीती वाटते, त्या तेवढंच मनात धरून जगातून जातील.

अक्का, कुठं ते ठाऊक नाही, कशाच्या जोरावर तेही नाही. पण तुमच्या डोळ्यांदेखत तुमची चित्रं मी पुन्हा मांडीन. एवढं देणं मी फेडणार.