आधी चहा, मग बातमी

ज्या आठवड्यात आखातात क्षेपणास्त्रं पडायला लागली, त्या आठवड्यात नंदुरबारजवळच्या रनाळ्याला माझ्या मोठ्या बहिणीने मिरचीला हात लावणं बंद केलं. घरची मिरची तोडून झाली होती, ओसरीत तिचा ढीग पडला होता, देठ खुडायचे बाकी होते. हे काम ती दर वर्षी शेजारणींना बोलावून करते. त्या वर्षी ढीग तसाच राहिला आणि ती टीव्हीसमोर बसून राहिली.

तिचा एकुलता मुलगा आखातातल्या एका बंदराच्या शहरात एसी दुरुस्तीचं काम करतो. मेहुणे वारल्यानंतर तो तिकडे गेला. टीव्हीवर जो नकाशा दिवसभर दाखवत, त्यात त्याच्या शहराचा ठिपका कोपऱ्यात होता. लाल बाण त्या ठिपक्याच्या वरून जायचे, कधी बाजूने. बहिणीला इंग्रजी वाचता येत नाही, पण तो ठिपका ती आवाज बंद असतानाही बोट ठेवून दाखवायची. त्याशिवाय फोनवर गावाचा ग्रुप होता, मीही त्यात होतो. त्यात रोज स्फोटांचे व्हिडिओ येत. त्यातला एक मी पाहिल्याबरोबर ओळखला, तो काही वर्षांपूर्वीचा, भलत्याच देशातला होता. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मंग हाऊ कोना पोर्‍या पळी ऱ्हायना?" व्हिडिओत एक माणूस खरोखरच पळत होता. तो कोणाचा मुलगा होता, हे मला सांगता येईना.

ती जेवत नव्हती. झोप नव्हती. रक्तदाबाची गोळी वाढवूनही आकडा उतरत नव्हता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की औषधाइतकंच महत्त्वाचं म्हणजे हे सगळं बघणं थांबवा.

मी नंदुरबारला राहतो. एका वर्तमानपत्राच्या जिल्हा आवृत्तीत डेस्कवर माझी नोकरी झाली, आता अर्धवेळ जातो आणि तालुक्यांतून आलेल्या बातम्या तपासतो. बातमी कशी थांबवायची हे मला माहीत आहे असं मी समजत होतो. एका दुपारी रनाळ्याला जाऊन मी डिशचं कार्ड काढून खिशात टाकलं आणि तिच्या फोनचं नेट बंद केलं. फोन फक्त मुलाच्या कॉलसाठी चालू ठेवला.

"टीव्ही बंद कर म्हनस," ती म्हणाली, "मंग माले कोन सांगी?"

"मी सांगसू. रोज संध्याकायले येसू नी सांगसू."

"तू? तू तं जनमभर दुसरासना मरनन्या बातम्या लिख्यात. मन्ही एक सांगाले तुले काय लागस."

हा टोमणा होता, पण तिने कबूल केलं. तिची एकच अट होती. मी आलो की आधी चहा घ्यायचा, मग बोलायचं. मला ती अट पाहुणचाराची वाटली. मोटारसायकलवर धूळ खात आलेल्या भावाला बहीण चहा देते, त्यात वेगळं काय, असं मी धरून चाललो.

पद्धत बसली. मी संध्याकाळी पोचायचो, ओसरीत खाटेवर बसायचो, ती कप आणून ठेवायची आणि समोर पाटावर बसायची. मी चहा संपवायचो. मग ती कप उचलायची आणि म्हणायची, "हं, सांग." मी सांगायचो. डेस्कवरचे नियम मी तिथेही लावले. दुजोरा नसेल तर सांगायचं नाही. आकडे वेगवेगळे असतील तर कमी असेल तो धरायचा. 'समजते' आणि 'सूत्रांनुसार' असं जिथे जिथे असेल ते पूर्ण गाळायचं. हे नियम लावल्यावर रोज जे उरायचं ते दोन वाक्यांच्या वर जात नसे. त्याच्या शहरात आज काही झालं नाही. विमानं बंद आहेत.

"बस?"

"बस."

"मंग ते टीव्हीवाला दिनभर काय बोंबलतस?"

ज्या धंद्यात मी आयुष्य घालवलं, त्याबद्दलचा तो साधा प्रश्न होता.

काही दिवसांत तिच्यात फरक पडला. भाकरी अर्धीची एक झाली. शेजारची काकू, जिचा सगळ्या गल्लीवर वचक आहे, ती दोघीतिघींना घेऊन आली आणि मिरचीचे देठ खुडायला बसली. बहीणही बसली. मिरची खुडताना डोळ्यांतून पाणी येतंच, त्यामुळे कोण रडतंय आणि कोणाला तिखट लागलंय हे कळत नाही, आणि कोणी विचारतही नाही. मुलगा मधूनमधून फोन करायचा, काम चालू आहे म्हणायचा. गोळीचा परिणाम दिसू लागला. डॉक्टर म्हणाले, उपाय लागू पडला.

तिला दोन वाक्यं सांगता यावीत म्हणून मी मात्र दिवसभर पाहू लागलो. सकाळी उठल्यापासून फोन हातात असायचा. एका बातमीला दुसरीने छेद दिला की तिसरी शोधायची. डेस्कवर तालुक्याच्या बातम्या पडून राहत. अक्कलकुव्याच्या वार्ताहराने घाटातल्या अपघाताची बातमी पाठवली होती, ती मी दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा अपघात कुठे झाला हे मला आठवेना. घरात बायको म्हणाली, आक्कांचा टीव्ही बंद केला आणि तुमचा सुरू झाला. तिचं म्हणणं बरोबर होतं की नाही, यावर मी विचार केला नाही. बातमी पाहणं हे माझं कामच आहे, असं मी तिला सांगितलं. ते कामच होतं का, हे मला तेव्हाही नीट ठरवता आलं नव्हतं.

मग तो दिवस आला. दुपारी एका वृत्तसंस्थेची ओळ आली की भाच्याच्या शहरात बंदराच्या भागात स्फोट झाला आहे, जीवितहानीबद्दल माहिती नाही. थोड्या वेळाने दुसरीकडे आलं की असा कुठलाही हल्ला झालेला नाही. नंतर तिसरीकडे आलं, गोदामाला आग लागली आहे आणि तिचा युद्धाशी संबंध नाही. मी भाच्याला फोन लावला. बंद. परत लावला. बंद. तो बंदराच्या भागात काम करतो की राहतो, हे मला त्या क्षणी सांगता येईना, आणि ते जिला पक्कं माहीत होतं त्या बहिणीला विचारण्याची सोय नव्हती.

नेहमीच्या वेळी मी निघालो. नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथारी आहेत. मोकळ्या मैदानावर लाल मिरची वाळत पसरलेली असते आणि वारा सुटला की त्या रस्त्याने जाणाऱ्याला ठसका लागतो. त्या दिवशी वारा होता. रनाळ्याला पोचलो तेव्हा घसा जळत होता.

बहिणीने चहा आणून ठेवला आणि पाटावर बसली. मी खाटेवर बसलो. काय सांगायचं ते ठरलं नव्हतं. माझ्या नियमांप्रमाणे सांगण्यासारखं काही नव्हतं, कारण एकाही गोष्टीला दुजोरा नव्हता. म्हणून मी म्हणालो, "आज नवीन काही नही."

तिने कपाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी उठलो, फोन लावून पाहावा म्हणून मागच्या बाजूला गेलो. तिथे शेवग्याच्या झाडाखाली रेंज येते. फोन लावला, बंद. वृत्तसंस्थेची नवी ओळ आली का पाहिलं. आधीच्याच तीन ओळी होत्या. किती वेळ तिथे उभा होतो, हे मी नोंदलेलं नाही.

परत आलो तेव्हा ओसरीत बायका होत्या. चार-पाच बसलेल्या, आणखी एक अंगणातून येत होती. मिरचीचा ढीग बाजूला सरकवलेला होता. बहीण भिंतीला टेकून बसली होती, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, हात मांडीवर. शेजारची काकू माझ्याजवळ आली आणि कधी झालं ते हळू आवाजात विचारू लागली, "कव्हय व्हयनं?"

"काय कव्हय व्हयनं?"

"आते आमनापासीन काय लपाडतस, भाऊ. आक्का भितले टेकी बसेल शे. तुम्हना चहा तसाच शे."

मी खाटेकडे पाहिलं. कप भरलेला होता, वर साय धरली होती.

आमच्या भागात मयताचा निरोप घेऊन येणारा माणूस त्या घरचं पाणी पीत नाही. तो अंगणात उभा राहतो, चप्पल काढत नाही, सांगतो आणि पुढच्या घरी जातो. फोन आल्यापासून निरोप्ये राहिले नाहीत, पण पद्धत लोकांच्या अंगात आहे. कोणी पाहुणा आला आणि पाण्याचा पेला नाकारला की घरातली बाई अजून त्याच्या तोंडाकडे बघते. हे मला माहीत होतं. आमचे आजोबा गेले तेव्हा तो निरोप घेऊन वडिलांनी मला प्रकाशा गावी आत्याकडे पाठवलं होतं, आणि तिने पुढे केलेलं पाणी मी असंच परत केलं होतं. बहिणीची अट कशासाठी होती, हे मला त्या भरलेल्या कपाकडे बघताना कळलं. रोज संध्याकाळी ती माझी दोन वाक्यं ऐकत नव्हती. मी चहा पितो की नाही, एवढंच बघत होती. बातमी तिला कप उचलतानाच मिळत होती, पुढचं ती माझ्यासाठी ऐकून घेत होती.

मी चहा का घेतला नव्हता? घसा जळत होता, गरम काही घशाखाली जाईना, हे खरं होतं. पण मिरचीच्या ठसक्याने आधीही घसा जळला होता आणि तेव्हा मी चहा घेतला होता. कप समोर असताना माझ्या मनात काय होतं, ते मी आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही. जे माझं मलाच माहीत नव्हतं, ते तिला कपावरून वाचता आलं होतं, की तिने चुकीचं वाचलं होतं?

मी बायकांसमोर बसलो आणि तिन्ही ओळी सांगितल्या. एक म्हणते स्फोट, दुसरी म्हणते काहीच नाही, तिसरी म्हणते आग. फोन बंद लागतो, हेही सांगितलं. नियमांच्या बाहेरचं ते सगळं होतं.

काकू म्हणाली, "मंग पोर्‍या जित्ता शे का नही?"

"माहीत नही."

"मंग तसंच सांगानं व्हतं ना."

पदराच्या आतून बहिणीचा आवाज आला, पहिल्यांदाच. "त्याले ते सांगता येत नही. तसं छापतस नही पेपरवाला."

एक बाई हसली आणि लगेच गप्प झाली. खरं होतं ते. 'माहीत नाही' अशी बातमी मी आयुष्यात कधी पानावर लावली नव्हती. माहीत नसेल तर ती जागा दुसऱ्या कशाने तरी भरायची असते.

मग आम्ही बसून राहिलो. बायका उठून गेल्या नाहीत आणि रडल्याही नाहीत, कारण काय करायचं ते त्यांनाही कळत नव्हतं. एकीने हात मोकळे ठेववेनात म्हणून मिरची ओढली आणि देठ खुडायला लागली. मग दुसरीनेही. बहीण भिंतीलाच टेकून होती.

दिवेलागणीनंतर तिच्या फोनवर अनोळखी नंबर आला, पुढे परदेशाचे आकडे. तिने फोन माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही. तो तिचा कॉल होता. तिने बोट फिरवलं, कानाला न लावता तसाच धरला, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं.

"माय? मन्हा फोन पानीमा पडना. दोस्तना फोनवरीन बोली ऱ्हायनू. जेवनी का?"

ती बोलेना. काकू मोठ्याने म्हणाली, "बोल ना व बाई, पोर्‍या शे."

"घरमा कोन कोन शे?" भाचा म्हणाला. "एवढा बाया कसाले गोया व्हयन्यात?"

"तुन्हा मामानी चहा नही लिधा," बहीण म्हणाली.

भाचा म्हणाला, "मामाले साखर व्हयनी का?"

तेव्हा सगळ्या हसल्या. बहीण हसली नाही. तिने पदर मागे केला आणि डोळे पुसले, आणि हातांना मिरची लागलेली नसतानाही डोळे झोंबतात असं म्हणाली. मी भाच्याला स्फोटाबद्दल विचारलं. तो म्हणाला, लांब काहीतरी धूर दिसला, काय होतं माहीत नाही. माझ्याकडे तीन ओळी होत्या, तो त्या शहरात होता, आणि त्याच्याकडे एकही नव्हती.

बायका गेल्यावर बहिणीने थंड चहा उचलून झाडाच्या बुडाशी ओतला. घसा जळत होता, एवढं मी तिला सांगितलं. "आते तू फक्त येत जाय," ती म्हणाली. "चहा पे. बातमी तुन्हा घर ठेव."

"मंग तुले कसं कयी?"

"पोर्‍या सांगी. सकायले काय खादं ते सांगी. तेवढं पुरस माले."

डिशचं कार्ड तिने मागितलं नाही. ते अजून माझ्या खिशातल्या पाकिटात आहे. भाचा रोज सकाळी तिला एक छोटा निरोप बोलून पाठवतो. त्यात पोहे असतात, कधी डाळभात, साहेबाला दिलेल्या शिव्या असतात. युद्ध नसतं. एवढ्यासाठी तिच्या फोनचं नेट सकाळी चालू होतं, निरोप ऐकला की बंद. गावाच्या ग्रुपमधून तिने स्वतःआधी मला बाहेर पडायला लावलं.

मी संध्याकाळी जातो. दिवसभर काय वाचलं ते सांगत नाही आणि वाचणंही कमी झालं आहे, कारण ते कोणाला सांगायचं आहे हे आता ठरलेलं नाही. चहा घेतो. ती समोर बसून देठ खुडते. कधी मी शेवटचा घोट मुद्दाम लवकर घेतो, कधी विसरून हळू. त्यातून ती काय वाचते हे मला कळत नाही, आणि वाचणं तिने सोडलं आहे यावर माझा विश्वास नाही.

परवा दुपारी त्या शहराबद्दल एक ओळ आली, दुजोरा नसलेली. तिथे तशा ओळी येतच असतात. मी गेलो, बसलो, कप तळापर्यंत संपवला. बहिणीने कप उचलला, आत पाहिलं.

"घसा बरा दिसस आज," ती म्हणाली.

तिने विचारलं की सांगितलं, ते मला ठरवता आलं नाही. मी हो म्हणालो.