आईच्या ओळीतली फुलं

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला वनस्पतिशास्त्राच्या सरांनी आम्हाला एक काम दिलं होतं. एक फूल निवडायचं आणि ते उमलल्यापासून गळून पडेपर्यंत अगदी जवळून त्याचे फोटो काढायचे. वर्गातल्या बहुतेकींनी जास्वंद घेतली. मी कपाशी घेतली. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पिवळसर पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग लालसर जांभळं होऊन मिटतं आणि गळतं. हे मी लहानपणापासून पाहत आले होते, म्हणून मला काम सोपं वाटलं.

पण आमची स्वतःची शेती नाही. आई पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडे एका बियाण्याच्या प्लॉटवर कामाला जायची, आणि सुट्टीच्या दिवशी मीही. बियाण्याच्या कपाशीत कुठलंच फूल म्हातारं होत नाही. तिथं काही ओळी नर असतात, काही मादी. उद्या कोणती कळी उमलणार ते बायका संध्याकाळी मादी ओळींत शोधतात, अंगठ्याच्या नखानं तिच्या पाकळ्या आणि आतले पुंकेसर काढून टाकतात आणि खुणेला लाल कागद अडकवतात. सकाळी नर ओळीतली सगळी फुलं तोडून आणायची आणि त्यांचे पराग त्या उघड्या टोकांवर फिरवायचे. मादी ओळीतली एखादी कळी नजरेतून सुटून आपली आपण उमलली, तर ती दिसेल तिथं खुडायची. तिचं बोंड धरलं की बियाण्यात भेसळ होते. प्रत्येक बाईच्या ओळी ठरलेल्या असतात. कंपनीचा माणूस अधूनमधून येऊन तपासतो, आणि जिच्या ओळीत सुटलेली फुलं सापडतात तिचं काम जातं.

मी मुकादमीणबाईंना भीत भीत विचारलं, "मावशी, नर ओळीतलं एक फूल माझ्यासाठी ठेवता का? कॉलेजचं काम आहे."

"ठेवते की. त्याला पाळणा बी बांधू का?" त्या म्हणाल्या. बायका हसल्या. एकजण म्हणाली, "फुलं पाहाया कॉलेजात जाती व्हय गं? इथं आम्ही फुकट दाखवून राह्यलो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुणेची दोरी बांधलेल्या झाडापाशी गेले तर फूल नव्हतं. ते मुकादमीणबाईंच्याच कमरेच्या ओट्यात होतं. त्यांनी जीभ चावली. "हात थांबतच न्हाई गं पोरी. दिसलं की खुडलं."

त्यानंतरच्या रविवारी दुपारी सगळ्याजणी बाभळीखाली जेवायला बसल्या होत्या. मी जेवण लवकर उरकून उगाच आईच्या ओळीतून चालत गेले. खाली, पानांच्या सावलीत, एक गुलाबी फूल होतं. मला इतका आनंद झाला की मी तिथं चिखलातच बसले. मैत्रिणीकडून आणलेलं चिमट्याचं छोटं भिंग मोबाइलला लावलं. जवळून ते फूल वेगळंच दिसत होतं. पाकळीच्या शिरा हाताच्या शिरांसारख्या वर आल्या होत्या, कडा कागदासारख्या सुकून आत वळत होत्या, परागाचे कण मिठासारखे चिकटलेले होते. थोडं पुढं लालसर मिटलेलं एक सापडलं. मग एक आजच उमललेलं, पिवळं. आणखी पुढं एक इतकं सुकलेलं की त्याच्या आत हिरवं बोंड फुगायला लागलं होतं.

एका ओळीत मला फुलाचं सगळं आयुष्य मिळालं होतं. मी फोटो काढत गेले, आणि काढता काढताच थांबले. पिवळं फूल एखाद्या वेळेस कुणाचंही सुटतं. पण गुलाबी म्हणजे ते काल सुटलं होतं आणि आज सकाळीही सुटलं. लाल त्याच्याही आधीपासून तिथं होतं. मी शेजारच्या बायकांच्या ओळी पाहिल्या. तिथं काही नव्हतं. पुन्हा आईच्या ओळीत आले. सगळी फुलं चालताना डाव्या हाताला होती.

घराच्या चौकटीला आईचा डावा खांदा नेहमी लागायचा. आम्ही तिला हसायचो.

मी ती सगळी फुलं बोंडांसकट खुडली आणि डब्याच्या पिशवीत लपवली. संध्याकाळी घरी तिला विचारलं. ती चिडली. "काय झालं माझ्या डोळ्याला? सुई आण, दोरा आण." पहिल्याच झटक्यात तिनं दोरा ओवून दाखवला. "पाह्यलं? बिलकुल बराबर दिसतंय मला."

मग मी पिशवी तिच्यासमोर उलटी केली. ती बराच वेळ फुलं चाचपत राहिली.

तिला घेऊन मी जालन्याला डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी एका यंत्रात तिला डोकं ठेवायला सांगितलं, ठिपका दिसला की बटण दाबायचं. ती बराच वेळ बटण दाबतच नव्हती. मला वाटलं तिला समजलं नाही, म्हणून मी म्हणाले, "आई, दिसला की दाब." ती म्हणाली, "दिसू तर दे."

काचबिंदू होता. डाव्या डोळ्याची नस जवळजवळ वाळली होती, उजव्याचीही सुरुवात झाली होती. समोरचं दिसतं, कडेचं हळूहळू जातं, म्हणून माणसाला कळत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, "गेलेलं परत येईल का?" त्यांनी मान हलवली. थेंब टाकून आहे तेवढं टिकवायचं, तेही टिकेलच असं नाही. वर्गात डोळ्याची आकृती मी कितीदा काढली होती. तिथं बसून मला तिच्यातलं एकही नाव आठवेना.

पुढचे काही रविवार मी आईच्या मागून तिच्या ओळी खुडत गेले. बाकीचे दिवस कॉलेज होतं. कंपनीचा माणूस एका गुरुवारी आला.

मुकादमीणबाई घरी येऊन सांगून गेल्या. दारातच उभ्या राहिल्या, चहा घेतला नाही. आईला म्हणाल्या, "वहिनी, मागल्या सालापासून आम्ही समद्या तुमच्या ओळीतलं जमंल तेवढं खुडून राह्यलो. तुम्हाला कळू दिलं न्हाई. आता न्हाई झाकत. मला माझं बी पाहावं लागतं."

"मला पाणी भरायला ठेवा," आई म्हणाली. "बायांना पाणी पाजीन."

"बांधावरून पडलात मंग?"

मुकादमीणबाई गेल्यावरही आई दाराकडं तोंड करून बसली होती. आमच्या घरात कामाला जाणारी ती एकटीच.

सरांना माझे फोटो आवडले. मी त्यांना सांगितलं की हे एका फुलाचे नाहीत, वेगवेगळ्या फुलांचे आहेत. ते म्हणाले, चालतं, अवस्था तर सगळ्या आल्यात. सुटलेली फुलं इतकी कशी मिळाली, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, शोधली.

तपासणीला पुन्हा जालन्याला गेलो तेव्हा उजव्या डोळ्याची नजरही आणखी कमी झाली होती. त्या दिवशी घरी आल्यावर आई म्हणाली, "ते फोटो दाखव बरं मला. माझ्या ओळीतले."

मी गुलाबी फुलाचा फोटो काढून तिच्या हातात मोबाइल दिला. तिनं तो डोळ्यांसमोर अगदी सरळ धरला. तिला स्पष्ट दिसत होतं. पाकळीची सुकलेली कड कुठं आहे ते तिनं बोट ठेवून दाखवलं.

"एवढं मोठं?" ती म्हणाली. "एवढं मोठं फूल मला दिसलं न्हाई?"

"जवळून काढलंय, आई. म्हणून मोठं दिसतं."

तिनं मोबाइल डाव्या बाजूला खाली ठेवला. थोड्या वेळानं ती समोरची चटई चाचपू लागली आणि मला विचारू लागली, मोबाइल कुठं ठेवला म्हणून.