जड झालेला पियानो

टोच्या हा पियानो दुरुस्त करणारा. नाव गल्लीनं ठेवलेलं, कारण सुया टोचणं हा त्याचा धंदा. पियानोची पट्टी दाबली की आत एक छोटी लाकडी हातोडी उसळते नि तारेवर आपटते. हातोडीच्या तोंडाला लोकर घट्ट दाबून बसवलेली असते. बडवून बडवून ती दगड झाली की सूर पत्र्यासारखा वाजतो. मग टोच्या सुया टोचून लोकर सैल करतो, की सूर गोड. फारच मऊ पडली तर पॉलिश पेपरनं घासून तिला पुन्हा कडक करतो. एवढ्यावर त्यानं तीस वर्षं काढली. स्वतःला मात्र एक गाणं येत नाही. एकच पट्टी पन्नास वेळा हाणायची नि मान वाकडी करून ऐकायचं. बायको म्हणायची, "जन्मभर सुया धरल्या, पण शर्टाचं बटण तुटलं की मलाच हाक!"

मुळात गडी सुतार. पियानो शिकवणाऱ्या एका बाईंच्या पियानोचा पाय डुगडुगत होता, तो ठोकायला गेला. बाईंनी वाजवून बघितलं, तर हा हातोडा हातात धरून तसाच बसून राहिला. बाईंनीच मग त्याला एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली धाडलं.

त्या बाई आता अठ्ठ्याहत्तरच्या. दरवर्षी त्यांच्याच घरी, याच पियानोवर शिष्यांचा कार्यक्रम व्हायचा, नि शेवटी बाई स्वतः वाजवायच्या. यंदा कार्यक्रमाला तीन दिवस उरले असताना टोच्याला निरोप आला.

"पियानो जड झालाय," बाई दारातच म्हणाल्या. "दोन पानं वाजवली की खांदे भरून येतात. हलका होत असेल तर कर. नाहीतर मी वाजवत नाही यापुढं, नि हे धूडही विकून टाकते."

टोच्यानं पितळी वजनं काढली नि पट्टीच्या टोकावर एकेक ठेवत गेला. पन्नास ग्रॅमला पट्टी खाली बसली. दुसरी पन्नासला, दहावी पन्नासला. गेल्या साली पन्नास, पंधरा सालांमागंही पन्नास. पियानो होता तिथंच होता. जड झाली होती ती बाईंची बोटं.

बाईंची सून स्वयंपाकघराच्या दारातून खुणा करत होती, सांगा एकदाचं. टोच्यानं तिलाच हात जोडले.

अशा वेळी या धंद्यात एक जुनी युक्ती चालते. आतली सगळी यंत्रणा खणासारखी बाहेर ओढायची, दोन तास ठोकाठोक करायची नि काहीएक न बदलता परत आत सारायची. गिऱ्हाईक वाजवतं नि म्हणतं, वा, लोण्यासारखा झाला! दहातले नऊ असंच म्हणतात. टोच्यानं तसंच केलं. वर कपाळाचा घामही पुसला.

बाईंनी दोन ओळी वाजवल्या. "काय केलंस?"

"सगळं मोकळं केलं, बाई. साफसूफ, जरा तेल सोडलं..."

"तेल? लोकरीवर?" बाईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. "आणि हे शिकवलं कुणी तुला, सायकलवाल्यानं?"

टोच्या गारठला. या धंद्यात तेलाचं नाव काढणं म्हणजे दुधात मीठ घालतो म्हणण्यासारखं. पण पकडला गेल्यावर तो उलट भडकलाच. "बाई, पट्ट्या आहेत तशाच आहेत! तुमची बोटं म्हातारी झालीत, त्याला मी काय करू?"

आत सुनेच्या हातून पातेलं पडलं.

"ते काय मला कळत नाही?" बाई शांतपणे म्हणाल्या. "बोटं दुरुस्त करणारा भेटला असता तर तुला कशाला बोलावलं असतं? पियानो हातात आहे, त्याचं बघ."

टोच्या डोकं खाजवत बसला. पट्टीत शिसं भरलं तर ती हलकी दबते, पण वर यायला आळस करते. ते नको. मग त्याला आठवलं, गेल्या साली बाईंनी "जरा मऊ कर" म्हटलं तेव्हा आपणच हौसेनं हातोड्या टोचून टोचून पार उशा करून ठेवल्यात. सूर उमटेना म्हणून बाई जोर लावतात, नि खांदे दुखले की पट्टी जड म्हणतात. थोड्या दाबात भरपूर आवाज निघाला, तर हाताला पट्टी हलकीच वाटणार.

दोन दिवस त्यानं अठ्ठ्याऐंशी हातोड्या घासल्या. लोकरीचा भुगा नाकात जाऊन शिंकांनी बेजार झाला. बाई शेजारी खुर्ची टाकून बसल्या.

"हा अजून झोपलाय." तो घासायचा.

"हा किंचाळला." तो टोचायचा.

"अगं बाई, हा तर माझ्या नणंदेसारखा बोलतोय!"

तिथं टोच्यानं तीन सुया जास्त मारल्या.

कार्यक्रमात बाई वाजवायला बसल्या. दोन जागी बोट घसरलं, पण सूर पार मागच्या भिंतीला जाऊन भिडला. उठताना त्या टोच्याला म्हणाल्या, "निम्मा हलका केलास की रे!"

"निम्म्याहून जास्तच," टोच्या म्हणाला. खरं तर पट्ट्या अजून पन्नास ग्रॅमलाच बसत होत्या.

दुसऱ्या दिवशी शिकवणीला बाईंचा एक दांडगा वकील शिष्य आला. त्यानं नेहमीच्या सवयीनं पहिला सूर हाणला नि स्वतःच दचकून स्टुलावरून अर्धा उठला.

"बाई, हा केवढ्यांदा ओरडतो!"

"मग हात आवरा," बाई म्हणाल्या. "पियानो मी माझ्या मापानं करून घेतलाय."